पाणी आलेले घर : नकाशातल्या रेषेच्या आत की बाहेर?

२०२४ सालच्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री शहरात शिरली, ते दिवस वडोदऱ्यात कोणीच विसरलेले नाही. गोकुळाष्टमीचा सुमार होता. पावागडाकडून येणारे पाणी, आजव्याच्या सरोवरातून सोडावे लागलेले पाणी आणि वरून कोसळणारा पाऊस, असे तिन्ही एकदम आले. समा, अकोटा, वडसर या भागांत रस्त्यांचे नाले झाले. मगरी वस्तीत शिरल्याच्या बातम्या तर देशभर गेल्या.

शाळेला सुट्टी होती. पण सुट्टी असली तरी आपली मुले कुठे आहेत, कशी आहेत, हे शाळेने विचारायला नको का? आम्ही शिक्षकांनी फोन करायला सुरुवात केली. पटावरची यादी वर्गवार आणि आडनावांच्या क्रमाने होती. म्हणजे पहिला फोन मांजलपूरला, दुसरा कारेलीबागेत, तिसरा दांडिया बाजारात. ज्यांच्या घरी पाण्याचा थेंबही आला नव्हता त्यांची आम्ही आस्थेने चौकशी करत होतो आणि ज्यांचा तळमजला बुडाला होता त्यांची पाळी यादीत खाली होती. निम्म्या ठिकाणी वीज नसल्याने फोन लागतच नव्हते. चौथीतल्या एका मुलाचे कुटुंब दोन रात्री गच्चीवर होते, हे आम्हाला पाचव्या दिवशी कळले. त्याचा पत्ता आमच्या नोंदवहीत जुन्या भाड्याच्या घराचा होता आणि ते घर कोरड्या भागात होते. आम्ही त्याला ‘सुखरूप असणार’ अशा गटात मनातल्या मनात टाकूनही दिले होते. हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही, पण लिहिणे भाग आहे. पुढे जे काम झाले त्याचे मूळ इथेच आहे.

पुढच्या विश्वस्त बैठकीत प्रश्न निघाला, की पुन्हा असे झाले तर पाण्याच्या टापूत राहणाऱ्या मुलांची यादी पाच मिनिटांत हाती येईल का? संगणकाच्या सरांनी ‘येईल’ असे सांगितले. त्यानंतर वर्षभर भूगोल, गणित आणि संगणक हे तीन विषय एकत्र करून नववीच्या मुलांबरोबर आम्ही ते काम केले. अनेक पालकांनी विचारले, ‘संगणकाला कसे कळते हो, घर आत आहे की बाहेर?’ प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर फार सुंदर आहे, म्हणून हा लेख.

डोळ्याला जे लगेच दिसते ते संगणकाला दिसत नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. नकाशावर निळ्या रंगाने रंगवलेला टापू आणि त्यावर लाल टिपका ठेवला, की बालवाडीतले मूलही सांगेल, टिपका निळ्यात आहे. संगणकाजवळ मात्र निळा रंग नसतो. त्याच्याजवळ असते ती आकड्यांची यादी. टापूची सीमा म्हणजे एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेषा, तिथून तिसऱ्यापर्यंत, असे करत पुन्हा पहिल्या कोपऱ्याला येऊन मिळालेली आकृती. भूमितीत तिला आपण बहुभुज म्हणतो. प्रत्येक कोपरा, म्हणजे शिरोबिंदू, रेखांश आणि अक्षांश अशा दोन आकड्यांचा. घर म्हणजेही असेच दोन आकडे. या आकड्यांच्या ढिगातून ‘आत’ हा शब्द कसा शोधायचा?

रीत अशी आहे. घराच्या बिंदूपासून एका दिशेला, समजा पूर्वेला, सरळ किरण सोडायचा. तो कितीही लांब जाऊ द्या. वाटेत सीमारेषा किती वेळा छेदली जाते ते मोजायचे. संख्या विषम आली तर बिंदू आत आणि सम आली तर बाहेर. शून्य ही सम संख्या, म्हणून एकदाही छेद नसेल तर बाहेरच.

असे का होते? आपल्या जुन्या वाड्याचा विचार करा. वाड्याच्या भिंतीतून एकदा पलीकडे गेलात की आतले बाहेर येता, दुसऱ्यांदा भिंत ओलांडली की पुन्हा आत शिरता. प्रत्येक ओलांडणीला बाजू बदलते. किरण शेवटी अनंत लांब जातो, आणि तिथे आपण नक्कीच बाहेर असतो. मग शेवटून मागे मोजत यायचे : बाहेर, आत, बाहेर, आत. विषम वेळा बाजू बदलून जो बाहेर पोचला तो सुरुवातीला आत होता. भिंत कितीही वाकडीतिकडी असो, विश्वामित्रीसारखी वळणे घेत जाणारी असो, नियम बदलत नाही. फक्त ती स्वतःला छेदणारी नसावी आणि तिचे तोंड मिटलेले असावे.

हे इतके उघड आहे की सिद्ध करायचे काय, असे वाटते. पण कुठल्याही बंद वक्ररेषेने पातळीचे ‘आत’ आणि ‘बाहेर’ असे बरोबर दोन भाग होतात, हे विधान सिद्ध करताना गणितज्ञांना घाम फुटला. फ्रान्सच्या कामील जॉर्दां यांनी १८८७ मध्ये त्याची सिद्धता छापली. पुष्कळांना ती अपुरी वाटली आणि १९०५ मध्ये अमेरिकेच्या ऑस्वाल्ड व्हेब्लेन यांनी नवी सिद्धता दिली. आमच्या गणिताच्या बाई म्हणतात, उघड दिसते तेच सिद्ध करणे सर्वांत कठीण. दहावीच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको.

आता पेन्सिल घ्या आणि आलेखकागदावर हे करून पाहा. पहिला आकडा आडवा, दुसरा उभा. कोपरे मांडा : (२, १), (८, १), (८, ६), (५, ३), (२, ६). क्रमाने जोडा आणि शेवटचा पहिल्याला जोडा. मधोमध वरून खोबण पडलेली आकृती मिळेल, दोन कान वर केलेल्या मांजरासारखी. आता (५, ५) हा बिंदू घ्या. तो दोन कानांच्या मधल्या खोबणीत आहे, म्हणजे बाहेर. त्यापासून उजवीकडे किरण सोडा. तो उजव्या कानाची तिरकी बाजू आडव्या ७ वर छेदतो आणि उभी बाजू ८ वर छेदतो. छेद दोन, सम, बाहेर. बरोबर. आता (३, ४) घ्या. किरण डाव्या कानाची तिरकी बाजू ४ वर, उजव्या कानाची तिरकी बाजू ६ वर आणि उभी बाजू ८ वर छेदतो. छेद तीन, विषम, आत. हेही बरोबर.

आता खरी गंमत. (३, ३) हा बिंदू घ्या. तो आकृतीच्या आत आहे, हे डोळ्यांना स्वच्छ दिसते. पण त्याचा किरण बरोबर खोबणीच्या टोकाला, (५, ३) या कोपऱ्याला, स्पर्श करून जातो आणि पुढे ८ वर उभी बाजू छेदतो. कोपरा एकदा मोजला तर छेद दोन झाले, म्हणजे बिंदू बाहेर! उत्तर चुकले. नववीच्या मुलांनी स्वतः लिहिलेला पहिला प्रोग्रॅम इथेच फसला आणि एक दिवस कोणालाच कारण सापडेना.

उपाय एका ओळीचा आहे. कोपरे मोजायचेच नाहीत, बाजू मोजायच्या. ज्या बाजूचे एक टोक किरणाच्या वर आहे आणि दुसरे टोक किरणावर किंवा खाली आहे, तेवढीच बाजू विचारात घ्यायची. (५, ३) या कोपऱ्यात मिळणाऱ्या दोन्ही तिरक्या बाजूंचे एक टोक ६ उंचीवर, म्हणजे वर, आणि दुसरे ३ वर, म्हणजे किरणावर. दोन्ही बाजू मोजल्या जातात, शिवाय उभी बाजू. एकूण तीन, विषम, आत. जिथे सीमा कोपऱ्यातून खालून वर निघून जाते, तिथे हाच नियम दोहोंपैकी एकच बाजू मोजतो. आडवी सपाट बाजू किरणावरच पडली असेल तर तिचे कोणतेच टोक वर नसते, ती आपोआप वगळली जाते. ‘वर’ आणि ‘वर नाही’ असे दोनच गट ठेवल्याने सगळा गोंधळ मिटतो.

मुलांना वाईट वाटू नये म्हणून सांगितले, की मोठमोठ्यांचीही इथे चूक झाली आहे. एम. शिमरॅट यांनी १९६२ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या संगणकशास्त्राच्या नियतकालिकात ही रीत अल्गोरिदम क्रमांक ११२ म्हणून छापली आणि त्याच वर्षी तिची दुरुस्तीही छापावी लागली. पुढे अमेरिकेतले प्राध्यापक रँडॉल्फ फ्रँकलिन यांनी ती सी भाषेत जेमतेम आठ ओळींत बसवली. त्या आठ ओळी आमच्या मुलांनी वहीत उतरवून घेतल्या आहेत. दुसरीही एक रीत आहे. बिंदूवर उभे राहून सीमेवरून चालणाऱ्या माणसाकडे सतत बघत राहायचे आणि शेवटी आपण स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेतली का ते पाहायचे. घेतली असेल तर आत. तीही चांगली आहे, पण आलेखकागदावर शिकवायला पहिलीच सोपी.

शाळेचा पट सव्वातीनशेच्या आसपास, आणि आमच्या पाण्याच्या टापूला कोपरे शेकड्यांनी. प्रत्येक मुलासाठी प्रत्येक बाजू तपासायची म्हटली तर आकडा बराच वाढतो. संगणकाला ते जड नाही, पण तो शहाणपणा करतो. आधी टापूभोवती सरळ चौकट आखतो : सर्वांत पूर्वेचा, पश्चिमेचा, उत्तरेचा आणि दक्षिणेचा आकडा घेऊन. घर चौकटीच्याच बाहेर असेल तर पुढचे काही पाहायचे नाही. पोस्टमन आधी पिनकोड पाहतो, मग गल्ली, मग घर, तसेच.

पिनकोडवरून आठवले. एका पालकांनी सुचवले होते, एवढा खटाटोप कशाला, पिनकोडवरूनच यादी काढा. आम्ही तो प्रयत्न करून पाहिला. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी, संस्कृतचे कवी. पण त्यांनी तो पत्रे वाटण्यासाठी आखला, पाण्यासाठी नाही! एकाच पिनकोडात नदीकाठची सोसायटीही येते आणि एक किलोमीटर दूरची, उंचावरची सोसायटीही. पाण्याने टपालघराची हद्द पाळली नाही.

आता सीमेच्या आतल्या सीमेबद्दल. आमच्या टापूत मधोमध दोन सोसायट्या भरावावर बांधलेल्या आहेत. चहूबाजूंनी पाणी असताना तिथे रस्ताही भिजला नव्हता. म्हणजे टापूला भोक आहे, बेटच म्हणा. याला वेगळा नियम लागतो का? नाही. बेटाची कडही सीमाच समजून मोजायची. बेटावरच्या घरातून निघालेला किरण आधी बेटाची कड छेदतो, मग टापूची बाहेरची सीमा. दोन, सम, बाहेर. नियमाने आपले काम चोख केले.

अशी भोके आणि तुकडे नकाशावर खरोखर कितीतरी आहेत. आपल्या दक्षिणेला नगर हवेलीच्या पोटात मघवाळ हे गुजरातचे गाव आहे. दादरा नगर हवेलीपासून तुटून वेगळा आहे. भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेवर तर २०१५ पर्यंत याची कमाल होती. भारताचे १११ तुकडे बांगलादेशात आणि बांगलादेशाचे ५१ तुकडे भारतात. त्यांपैकी दहाला खाग्राबाडी नावाचे शेत भारताचे. ते बांगलादेशाच्या तुकड्यात, तो तुकडा भारताच्या तुकड्यात आणि तो पुन्हा बांगलादेशात! तिथे उभे राहून किरण सोडला तर प्रत्येक ओलांडणीला देश बदलायचा. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री या तुकड्यांची अदलाबदल झाली आणि तो गुंता सुटला. तिथल्या लोकांना मात्र रेषेच्या आत की बाहेर हा प्रश्न कागदावरचा नव्हता. शाळा, दवाखाना, वीज, रेशन सगळे त्यावर अडत होते.

आपल्या पूर्वजांचे संस्थान तरी कुठे एकसंध होते? बडोदे संस्थानाचा नकाशा पाहून मुलांनी विचारले, ‘सर, हा फाटला आहे का?’ उत्तरेला कडी प्रांत, मध्ये बडोदे, दक्षिणेला नवसारी, सौराष्ट्रात अमरेली आणि पार पश्चिमेच्या टोकाला द्वारकेसह ओखामंडळ. मधूनमधून इंग्रजी मुलूख आणि इतर संस्थाने. संगणकाच्या भाषेत हा एक बहुभुज नव्हे, अनेक बहुभुजांचा गट. घर त्यांपैकी कोणत्याही एकात असले तरी ‘आत’.

आणि आत असण्याला अर्थ होता. महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी अशाच प्रकारचे विधेयक मांडले, ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. तेव्हा शिवेला शीव लागून असलेल्या दोन गावांत, एका गावच्या मुलाने शाळेत गेलेच पाहिजे असा कायदा आणि दुसऱ्या गावच्या मुलाला गुरे राखायला पाठवले तरी कोणी विचारणारे नाही. सातवीच्या मुलांना आम्ही आपापल्या आजोळचे आणि मूळ गाव या नकाशावर शोधायला दिले आहे. कोणाचे गाव कोणत्या तुकड्यात निघाले, ते पुढील अंकात देऊ.

आता प्रत्यक्ष काम कसे झाले ते सांगतो. विश्वस्तांनी पहिला प्रश्न विचारला तो खर्चाचा, त्याचे उत्तर आधी. सॉफ्टवेअरला एक रुपयाही लागला नाही. क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर मोफत आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये ते सुरू केले आणि आज जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात. संगणक कक्षातल्या जुन्या यंत्रावरही ते चालले, थोडे रडतरडत. मुलांच्या घरांची यादी एक्सेलमध्ये : पटक्रमांक, रेखांश, अक्षांश. ती सीएसव्ही करून नकाशावर आणली की टिपके उमटतात. टापूची सीमा माउसने आखली. मग ‘जॉइन ॲट्रिब्यूट्स बाय लोकेशन’ या आज्ञेने प्रत्येक टिपक्यापुढे तो टापूत आहे की नाही ते लिहून येते. वर सांगितलेले सगळे किरण आणि छेद त्या एका बटणामागे चालतात. वेळ लागतो काही सेकंद.

बटण दाबणे सोपे. त्याच्याआधीचे आकडे बरोबर असणे, हेच काम. आमच्या चुका मोकळेपणाने सांगतो, म्हणजे दुसऱ्या शाळांचा वेळ वाचेल.

पहिल्याच दिवशी यादी चढवली आणि नकाशा कोराच राहिला. शोधता शोधता टिपके सापडले ते नॉर्वेच्या उत्तरेला, बर्फाळ समुद्रात. आपले शहर साधारण २२.३ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.२ अंश पूर्व रेखांशावर आहे. आम्ही दोन्ही रकाने उलटे दिले होते. बोलताना आपण ‘अक्षांश-रेखांश’ म्हणतो, पण सॉफ्टवेअरला आडवा आकडा आधी लागतो आणि आडवा म्हणजे रेखांश. सगळी शाळा ध्रुवाकडे गेली, यावर मुले आठवडाभर हसत होती.

दुसरी चूक हसण्यासारखी नव्हती, कारण ती दिसत नव्हती. काही पालकांनी आकडे अंश आणि मिनिटांत दिले होते. २२ अंश १८ मिनिटे म्हणजे २२.१८ नव्हे. साठ मिनिटांचा अंश, म्हणून १८ मिनिटे म्हणजे ०.३० अंश, म्हणजे २२.३०. दोहोंतला फरक ०.१२ अंश, आणि एक अक्षांश सुमारे १११ किलोमीटरचा, तेव्हा चूक झाली तेरा किलोमीटरची. घर शहराबाहेर शेतात गेले की लक्षात येते. पण मिनिटे थोडीच असली तर टिपका शहरातच कुठेतरी पडतो आणि चूक खपून जाते.

दशांश स्थळांचेही असेच. तिसऱ्या स्थळाचा एक आकडा म्हणजे सुमारे एकशे दहा मीटर, चौथ्याचा अकरा मीटर, पाचव्याचा एक मीटरच्या जवळपास. घरासाठी पाच स्थळे पुरेत. आठ स्थळे लिहून पाठवणाऱ्या पालकांचा उत्साह मोठा, पण मोबाइलला स्वतःलाच मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटरपेक्षा नेमके कळत नाही, आणि पोळातल्या अरुंद गल्लीत तर त्याहूनही कमी.

तिसरी अडचण जुन्या नकाशाची. शाळेच्या भूगोलकक्षात सर्व्हे ऑफ इंडियाचा एक जुना नकाशा आहे. त्यावरून नदीचा काठ घ्यावा असे आम्हाला वाटले. घेतला, तर नदी सरकलेली. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या पृथ्वीच्या मापावर बेतलेले आहेत आणि मोबाइलचे जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या मापावर. तेच अक्षांश-रेखांश दोन मापांत आपल्या भागात शंभर मीटरच्या घरात वेगळी जागा दाखवतात. नदीकाठी शंभर मीटर म्हणजे कोरडे घर की बुडालेले घर! सॉफ्टवेअर ही बदली करून देते, पण नकाशा कोणत्या मापाचा आहे ते आपण त्याला सांगावे लागते.

आणि सर्वांत मोठी चूक, पत्त्याची. ती कोणत्याही सॉफ्टवेअरला सापडणार नव्हती. म्हणून दिवाळीनंतरच्या पालकसभेत प्रत्येक पालकाकडून आजच्या घराची जागा नव्याने घेतली. सोसायटीच्या फाटकाची नव्हे, आपल्या इमारतीच्या दाराशी उभे राहून. मजलाही विचारला. कारण नकाशाला उंची कळत नाही. टापूत चौथ्या मजल्यावर राहणारे आणि तळमजल्यावर राहणारे हे दोन टिपके त्याला सारखेच.

यापुढचा भाग आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. संगणक ‘आत’ किंवा ‘बाहेर’ असे ठाम उत्तर देतो. पण ती सीमा आखली कोणी? आम्हीच. पालकांना विचारले, तुमच्या दाराशी पाणी आले होते का, किती? ज्यांनी ‘आले’ म्हटले ते टिपके एकीकडे, ‘नाही’ म्हटले ते दुसरीकडे, आणि मधून अंदाजाने रेषा ओढली. जिथे आपली मुले राहतच नाहीत तिथे रेषा निव्वळ तर्काने गेली आहे. अंदाजाच्या रेषेवर नेमकेपणाने ‘बाहेर’ असे लिहून आले, की माणूस निर्धास्त होतो. आम्ही एकदा असेच निर्धास्त झालो होतो.

याचे प्रत्यंतरही मिळाले. सहावीतल्या एका मुलीचे घर यादीत ‘बाहेर’ आले. तिच्या वडिलांनी सभेत सांगितले, ‘बाई, आमच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी होते.’ त्यांचा अर्ज उशिरा आल्याने रेषा आखताना ते घर विचारात घेतलेच गेले नव्हते आणि रेषा त्यांच्या मागच्या गल्लीतून गेली होती. रेषा दुरुस्त केली. पण तेवढ्याने भागणार नव्हते, अशी आणखी घरे असतीलच. म्हणून आता दोनाऐवजी तीन गट केले आहेत : ‘आत’, ‘काठावर’ आणि ‘बाहेर’. रेषेपासून बाहेरच्या बाजूला शंभर मीटरपर्यंतची सगळी घरे काठावर. त्यांना फोन ‘आत’वाल्यांच्या लगेच पाठोपाठ जाईल.

हा शंभर मीटरचा पट्टा आखतानाही फजिती झाली. नकाशा अंशांत होता आणि आम्ही १०० हा आकडा टाकला. संगणकाने इमानाने १०० अंशांचा पट्टा काढला. अर्धे जग पाण्यात आणि सगळी शाळा काठावर! मीटरमध्ये मोजायचे तर नकाशा आधी मीटरच्या पद्धतीत बदलावा लागतो. आपल्यासाठी ती यूटीएम पद्धतीचा ४३ वा उत्तर पट्टा आहे.

रेषा कायमची नाही, हेही विश्वस्तांनी ध्यानात ठेवावे. ती २०२४ च्या पाण्याची आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात नदीचे पात्र खोल आणि रुंद करण्याचे मोठे काम झाले आहे. पुढचे पाणी कदाचित याच वाटेने येणार नाही. दर पावसाळ्यानंतर रेषा पुन्हा तपासावी, असा आमचा आग्रह आहे आणि त्यासाठी नववीच्या प्रत्येक नव्या तुकडीला हे काम देता येईल.

काही पालकांनी शंका काढली, आमच्या मुलांची घरे अशी नकाशावर टाकणे बरे का? शंका योग्य आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे, आणि कायदा नसता तरी आम्ही ती घेतलीच असती. नकाशात मुलांची नावे नाहीत, फक्त पटक्रमांक आहेत. नावांची यादी वेगळी, मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. नकाशा ज्या संगणकावर आहे त्याला इंटरनेट जोडलेले नाही. मुलांनी सराव केला तो बनावट टिपक्यांवर, खऱ्या घरांवर नाही. सात पालकांनी संमती दिली नाही. त्यांना अडचणीच्या वेळी आम्ही सर्वांत आधी फोन करू, कारण त्यांच्याबद्दल नकाशा काहीच सांगू शकत नाही.

गेल्या महिन्यात तालीम घेतली. शनिवारी सकाळी मुख्याध्यापकांनी न सांगता घंटा दिली आणि यादी मागितली. चार मिनिटांत तिन्ही गट छापून हाती आले, त्यांत तळमजल्यावरची घरे वर. पाच शिक्षकांनी फोन वाटून घेतले. ‘आत’ गटातल्या दोन घरांचे क्रमांक बंद निघाले. ते दोन्ही पालक दुसऱ्या दिवशी भेटून नवे क्रमांक देऊन गेले.

चौथीतला तो मुलगा आता पुढच्या वर्गात गेला आहे. त्याच्या आईने घराच्या जागेचा अर्ज स्वतः येऊन भरला आणि खाली पेनने लिहिले, ‘पहिला मजला. आता आम्ही वर राहायला गेलो.’

ज्या पालकांनी जून महिन्यानंतर घर बदलले असेल, मोबाइल क्रमांक बदलला असेल किंवा मजला बदलला असेल, त्यांनी वर्गशिक्षकांकडून कोरा अर्ज घेऊन या महिनाअखेरपर्यंत भरून द्यावा. ज्यांना मोबाइलवर आपल्या जागेचे आकडे कसे पाहायचे ते समजत नसेल, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे. नववीची मुले शिकवतील, आणि रेखांश आधी की अक्षांश, हे ती कधीही चुकणार नाहीत.